झोपेतही अभ्यास चालतो

परीक्षा जवळ आल्या की घराघरांत एकच देखावा दिसतो. रात्री बारापर्यंत दिवा, पहाटे चारचा गजर आणि मधल्या वेळेला चहाचा थर्मास. पोरगा पुस्तकावर डुलक्या घेऊ लागला की आई त्याला डोळ्यांवर पाणी मारून यायला सांगते आणि बाबा आपल्या काळच्या कंदिलाची गोष्ट ऐकवतात. जो जास्त जागतो तो जास्त शिकतो, असा आपला पक्का समज आहे. आदर्श विद्यार्थ्याच्या लक्षणांत तर 'श्वाननिद्रा' मुलांना पाठच करायला लावतात. (कुत्रा चोवीस तासांपैकी जवळजवळ निम्मा वेळ झोपून काढतो, हे मात्र सुभाषित सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही!)

हा समज चुकीचा आहे आणि त्यात नुकसान आपल्याच मुलांचे आहे. दिवसा वाचलेले, ऐकलेले, गिरवलेले डोक्यात पक्के बसवण्याचे काम मेंदू रात्री, झोपेत करतो. झोप कापणे म्हणजे अभ्यासाचाच अर्धा भाग कापणे. शास्त्रज्ञांनी हे काम करणारी मेंदूतली जोडी हुडकून काढली आहे. तिची ओळख करून घेऊ आणि मग आपल्या शाळांच्या, शिकवण्यांच्या आणि घरांच्या वेळापत्रकाकडे पाहू.

मेंदूतले स्टेशन

मोठ्या मेंदूच्या वरच्या बाजूला घड्या घड्यांची एक साल असते. तिला कॉर्टेक्स म्हणतात. जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर; पण पाहणे, ऐकणे, बोलणे, गणित सोडवणे, ठरवणे ही सारी वरची कामे तिच्याकडे. या सालीच्या खाली, मेंदूच्या अगदी गाभ्यात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे अंड्याच्या आकाराचे दोन गोळे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर. याचे नाव थॅलॅमस.

थॅलॅमसचे काम समजायला वरठीकरांना लांब जावे लागणार नाही. आपले भंडारा रोड स्टेशन डोळ्यांसमोर आणा. भंडारा शहराला जाणारा प्रवासी मुंबईहून येवो की हावड्याकडून, तो आधी वरठीला उतरतो आणि मगच शहराकडे निघतो. तसेच डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, त्वचेला जाणवलेले सारे आधी थॅलॅमसमध्ये उतरते आणि तेथून सालीच्या त्या त्या विभागाकडे रवाना होते. फक्त वासाला ही वाट चुकवता येते. बाकी सर्वांना येथे थांबावेच लागते.

मात्र थॅलॅमस नुसता फलाट नाही, तेथे सिग्नलची केबिनही आहे. कोणती गाडी पुढे सोडायची, कोणती थांबवून ठेवायची, हे तेथे ठरते. वर्गात बाई शिकवत आहेत, बाहेर ट्रॅक्टर धडधडतो आहे, शेजारचा मुलगा पेन्सिल आपटतो आहे. यातला बाईंचा आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि बाकीचे अडवायचे, म्हणजेच लक्ष देणे. त्यात या केबिनचा मोठा वाटा असतो. हुकूम मात्र एकतर्फी नाहीत. थॅलॅमसकडून सालीकडे जितके तंतू जातात त्याच्या कित्येक पट तंतू सालीकडून थॅलॅमसकडे परत येतात. साल सांगते, "हे हवे, ते नको," आणि थॅलॅमस त्याप्रमाणे सिग्नल देतो. दोघांमध्ये ही देवाणघेवाण अखंड चालू असते. शिकणे म्हणजे याच वाटा पुन्हा पुन्हा वापरून पक्क्या होणे.

आता झोप अपुरी राहिलेल्या मुलाकडे पाहा. तो बाकावर ताठ बसलेला असतो, डोळे उघडे असतात, पण मधूनच काही क्षण 'गायब' होतो. अशा जागरण झालेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा लक्ष उडण्याच्या त्या क्षणी थॅलॅमसचे कामही मंदावलेले दिसले. म्हणजे केबिनवाल्याचाच डोळा लागला! बाईंचा आवाज कानापर्यंत पोचला. पुढे सालीपर्यंत पोचला की नाही, याची खात्री नाही. आपण मात्र म्हणतो, "पोट्टं लक्षच देत नाही."

रात्री फिरणारी चाती

हे झाले दिवसाचे. खरी गंमत रात्री आहे.

झोप लागली की थॅलॅमस बाहेरच्या बहुतेक गाड्यांना लाल सिग्नल दाखवतो. म्हणूनच शेजारच्या खोलीतली कुजबुज झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही. प्रवासी गाड्या थांबल्या की रूळ मोकळे होतात आणि मग दिवसभर साठलेल्या मालाची हलवाहलव सुरू होते.

मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवण्याची युक्ती हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली माणसावर प्रथम साधली. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झोपलेल्या माणसाच्या आलेखात एक चमत्कारिक नक्षी दिसली. सेकंदाला साधारण १२ ते १५ वेळा थरथरणाऱ्या लहरींचा एक झुबका येई, मधे फुगे, दोन्ही टोकांना निमुळता होई आणि अर्ध्या ते दोन सेकंदांत विरून जाई. आकार अगदी सूत गुंडाळलेल्या चातीसारखा. म्हणून त्याला स्पिंडल, म्हणजे चाती, हेच नाव पडले. चरखा आणि कोशाचे कापड यांची ओळख असलेल्या आपल्या भागाला याहून सोपे नाव कोणते?

ही चाती फिरते ती थॅलॅमसमध्ये. थॅलॅमसभोवती चेतापेशींचे एक पातळ वेष्टन असते. तेथे तिची सुरुवात होते आणि थॅलॅमस व साल यांच्यामधल्या फेऱ्यांतून ती सालीवर पसरते. त्याच वेळी साल स्वतःच्या संथ, मोठ्या लाटा काढत असते. एका लाटेला सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तिसरा भागीदार म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस. दिवसभरातल्या नव्या गोष्टी आधी त्याच्याकडे कच्च्या वहीत टिपल्या जातात. रात्री तो त्या टिपणांची उजळणी करतो. सालीची लाट उसळते, त्या लाटेवर थॅलॅमसची चाती बसते आणि चातीच्या वळणात हिप्पोकॅम्पसचे टिपण गुंफले जाते. ही तिघांची वेळ जमली की कच्च्या वहीतला मजकूर सालीच्या पक्क्या वहीत उतरतो.

हे कल्पनेचे इमले आहेत, असे कोणी म्हणेल. पण पुरावा शंभर वर्षांपासून जमत आला आहे. १९२४ मध्येच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठांतरानंतर तितकाच वेळ कधी झोपेत गेला, कधी जागेपणी. झोपेनंतर कितीतरी अधिक अक्षरे आठवली. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिले, तर दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या त्याच झोपेत पुन्हा एकत्र चेतताना दिसल्या. उंदीर झोपेत उजळणी करत होता! २००६ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक येथे झोपलेल्या तरुणांच्या कपाळावरून अगदी सौम्य विद्युतप्रवाह संथ लाटांच्या तालावर सोडला, तेव्हा आदल्या रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी थेट थॅलॅमसलाच हात घातला. उंदराच्या थॅलॅमसमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने चात्या निर्माण केल्या. त्या सालीच्या लाटेशी जुळवून सोडल्या तेव्हा उंदराची आठवण सुधारली. अवेळी सोडल्या तेव्हा फायदा झाला नाही. चात्या फिरल्या एवढ्याने भागत नाही, त्या तालावर फिरल्या पाहिजेत.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झोप ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. साधारण दीड तासाचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रीत होतात. गाढ, संथ लाटांची झोप पहिल्या आवर्तनांत जास्त असते. उत्तररात्री ती कमी होत जाते आणि चात्यांची हलकी झोप व स्वप्नांची झोप वाढते. हातांचे कौशल्य, म्हणजे लेखन, वादन, टंकलेखन यांसारख्या गोष्टी पक्क्या होण्याशी उत्तररात्रीच्या झोपेचा संबंध प्रयोगांत आढळला आहे. म्हणजे बारापर्यंत जागणारा आणि चारला उठणारा मुलगा रात्रीच्या कामाला दोन्ही टोकांनी कात्री लावतो. आपण त्याला शाबासकी देतो!

थॅलॅमस दुखावला तर

या गोळ्याचे महत्त्व पटवून घ्यायचे असेल तर तो बिघडल्यावर काय होते ते पाहावे. सतत दारू पिणारा आणि जेवणाकडे पाठ फिरवणारा माणूस शरीरातले ब१ जीवनसत्त्व गमावतो. त्याच्या अभावाने थॅलॅमस आणि लगतचे भाग झडतात. असा रोगी जुन्या गोष्टी सांगतो, बोलतो, हसतो. पण दहा मिनिटांपूर्वी कोण भेटून गेले ते त्याला सांगता येत नाही. नवे काही शिकणेच बंद होते. रशियन डॉक्टर कोर्साकोव्ह यांनी १८८७ च्या सुमारास या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दुसरा रोग अत्यंत दुर्मीळ आहे, त्यामुळे वाचकांनी घाबरू नये. इटलीतल्या बोलोन्या येथील डॉक्टरांनी १९८६ मध्ये एका ५३ वर्षांच्या गृहस्थाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या एक विकार चालत आला होता. झोप कमी कमी होत जाऊन शेवटी नाहीशी होई आणि काही महिन्यांत मृत्यू येई. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा मुख्य नासाडी थॅलॅमसमध्ये आढळली. झोप आणि थॅलॅमस यांची गाठ किती घट्ट आहे, हे त्यावरून कळते.

तिसरा रोग मात्र आपल्या धानपट्ट्याने ओळखून असावा असा आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू धानाच्या बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत, डुकरे आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून माणसापर्यंत येतो. तो मेंदूत शिरला की थॅलॅमसवर हमखास घाला घालतो. छायाचित्रात बहुधा दोन्ही बाजूंचे थॅलॅमस सुजलेले दिसतात. वाचलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या शिकण्यात व वागण्यात कायमची उणीव राहते. त्यावर लस आहे. आपल्या मुलाला ती लागू आहे का, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. हे डास संध्याकाळी आणि रात्री चावतात. तेव्हा खाटेवरची मच्छरदाणी दोन कामे करते : रोगापासून राखते आणि रात्रभर डास मारत बसण्याचा त्रास वाचवते.

शाळेची घंटा किती वाजता?

आता मुद्द्याकडे वळू. मुलांना झोप किती हवी? अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये सारे संशोधन चाळून आकडे ठरवले : ३ ते ५ वर्षे वयाला दिवसाकाठी १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १० तास. हे ऐकून अनेक पालक हसतील. पण प्रश्न साधा आहे. सकाळी सातच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्या तिसरीतल्या मुलीला नऊ तास मिळायचे तर तिने रात्री नऊला गाढ झोपलेले असले पाहिजे. किती घरांत हे होते?

आपल्या राज्यात या प्रश्नाची दखल घेतली गेली, ही समाधानाची बाब. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे जाहीरपणे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला : पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे जे वर्ग नऊच्या आधी भरतात ते २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत.

निर्णयाची दिशा योग्य होती. माझी तक्रार ती अर्ध्यावर थांबल्याची आहे. लहान मूल निदान रात्री लवकर पेंगते, त्याला निजवता येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. वयात येताना शरीरातले घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा पाझरू लागते. त्याला दहाला झोप येत नाही, यात त्याचा उनाडपणा नसतो. पण शाळा, त्याआधीची शिकवणी आणि शिकवणीआधीची बस त्याला पहाटे पाचलाच उठवतात. म्हणजे ज्या वयात घड्याळ मागे पडते त्याच वयात आपण गजर आधी लावतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. सिएटल शहरात २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुले रोज सरासरी ३४ मिनिटे जास्त झोपू लागली. उशिरा शाळा म्हणून मुले आणखी उशिरापर्यंत जागतील, ही भीती खरी ठरली नाही.

आमच्या उन्हाचे काय?

येथे विदर्भातला वाचक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. मुंबई-पुण्याला नऊची शाळा ठीक. आमच्याकडे एप्रिलमध्ये नऊच्या शाळेतून भर दुपारी घरी येणाऱ्या मुलाचे काय? शासनालाही हे कळते. मार्च २०२५ च्या अखेरीस उन्हाचा कडाका पाहून राज्यभरातल्या शाळा सकाळी सातला भरवण्याचा आदेश निघाला : प्राथमिक ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५. उष्माघात झोपेपेक्षा तातडीचा धोका आहे; त्यापुढे नवाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

माझे म्हणणे इतकेच की सकाळच्या शाळेचे गणित पुरे मांडावे. सकाळची शाळा आली की रात्रीची वेळही मागे सरकली पाहिजे आणि दुपारी तासाभराची झोप मुलाच्या हक्काची मानली पाहिजे. दुपारच्या झोपेतही चात्या फिरतात. सकाळी शिकलेले त्याच दुपारी पक्के होऊ लागते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या लावून, कूलर सुरू करून घर निजतेच. त्या वेळी मुलाला शिकवणीला पिटाळू नये एवढेच. ऊन उतरले, पाऊस सुरू झाला, थंडी पडली, की मोठ्या वर्गांनाही साडेआठ-नऊची वेळ द्यायला काय अडचण आहे? विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्याहून उशिरा उघडतात. म्हणजे हवामानाप्रमाणे वेळापत्रक वेगळे ठेवण्याची सवय आपल्याला आहेच. तीच सवय घंटेच्या वेळेला लावावी.

अडचणी मला मान्य आहेत. एका इमारतीत दोन पाळ्या भरतात. बसच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. नोकरदार आई-वडिलांना मुलाला शाळेत पोचवून कामावर जायचे असते. आपल्या गावात तर सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यासारखा रात्रंदिवस चालणारा उद्योग आहे. बाबांची पाळी बदलली की घराचे जेवण, दिवे, झोप सारेच बदलते. म्हणूनच एका फटक्यात सारे बदला, असे मी म्हणत नाही. पण पहाटे पाच-साडेपाचच्या शिकवण्यांना कोणती अडचण आड येते? त्या कोणत्याही शासन निर्णयाने भरत नाहीत; आपण पालक फी भरतो म्हणून भरतात. चार पालकांनी मिळून सांगितले तर तीच शिकवणी संध्याकाळी होऊ शकते.

"आम्ही नाही का पहाटे अभ्यास केला?"

हा प्रश्न प्रत्येक वडीलधाऱ्याच्या ओठांवर असतो. केलात, जरूर केलात. पण त्या काळी रात्री आठला जेवणे आटोपून, नऊला कंदील मंद करून सारे घर निजत असे. नऊला झोपलेला मुलगा पाचला उठला तरी त्याचे आठ तास भरत. 'लवकर निजे, लवकर उठे' या म्हणीतला पहिला शब्द आपण टाकून दिला आणि दुसरा तेवढा मुलांच्या माथी मारला. आज टीव्हीवरची मालिका, हातातला मोबाइल, रात्रीचे क्रिकेटचे सामने यांनी निजण्याची वेळ अकरा-बारावर नेली. उठण्याची मात्र आजोबांचीच ठेवली. मधले तीन तास कोणाच्या खात्यातून गेले? मुलाच्या.

पहाटेचा अभ्यास वाईट नाही. पुरती झोप घेऊन उठलेल्या मुलाचे डोके पहाटे स्वच्छ असते. आधी तास मोजा, मग गजर लावा.

घरात काय करावे

१. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. रविवारी दुपारपर्यंत लोळणे म्हणजे सोमवारचे घड्याळ बिघडवणे.

२. नवे, अवघड पाठांतर संध्याकाळी करावे, झोपण्यापूर्वी एकदा शांतपणे नजर फिरवावी आणि निजावे. नंतर मोबाइल उघडू नये. त्याचा उजेड मेलाटोनिनला दडपतो आणि त्यातली करमणूक डोके तापते ठेवते. मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, आई-बाबांचाही!

३. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. चहातल्या कॅफिनपैकी निम्मे पाच तासांनीही शरीरात असते.

४. दुपारची झोप तासाभराची आणि चारच्या आत संपणारी असावी.

५. मूल रोज रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर "गाढ झोपलाय" म्हणून कौतुक करू नये. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. अशा मुलाची झोप रात्रभर तुटत राहते आणि ते दिवसा चिडचिडे, विसराळू होते. डॉक्टरांना दाखवावे, इलाज होतो.

६. झोप येत नाही म्हणून मुलाला आपल्या मनाने झोपेची गोळी किंवा सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये. आणि जागण्यासाठी मिळणाऱ्या गोळ्यांना तर घरात थाराच देऊ नये.

७. परीक्षेच्या आदल्या रात्री राहिलेला धडा सोडून द्यावा, पण झोप सोडू नये. एक धडा कमी आला तर दोन-चार गुण जातील; झोप गेली तर आलेले धडेही ऐन वेळी दगा देतात.

गावाची जबाबदारी

शेवटी एक गोष्ट घरापलीकडची. वर सांगितलेल्या शासन निर्णयात मुलांची झोप अपुरी राहण्याच्या कारणांत रात्री उशिरापर्यंतच्या गोंगाटाचाही उल्लेख आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. तरी लग्नसराईत आणि सणासुदीला रात्री बारापर्यंत डीजे वाजतो आणि शेजारच्या घरातला दहावीचा मुलगा कानांत कापूस घालून पडतो. थॅलॅमस बाहेरचा आवाज अडवतो खरा. पण त्याच्याही ताकदीला मर्यादा आहे. भिंती हादरवणाऱ्या आवाजापुढे कोणतीही केबिन टिकत नाही. मुलाला हुशार करण्यासाठी आपण शिकवणीला हजारो रुपये मोजतो. रात्री दहाला गाव शांत ठेवायला एक रुपयाही लागत नाही. ग्रामपंचायतींनी, मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि वाजंत्री ठरवणाऱ्या वधूवरपित्यांनी निदान फेब्रुवारी-मार्च हे परीक्षेचे दोन महिने तरी हा नियम कसोशीने पाळावा.

आणि पालकांनो, आज रात्री साडेनऊला मूल पुस्तकावर पेंगताना दिसले, तर त्याच्यावर ओरडू नका. पुस्तक हळूच मिटा, दिवा मालवा आणि मच्छरदाणी सोडा. उरलेला अभ्यास त्याचा मेंदू करील.